झिऱ्याची वेलांटी

माझी खानावळ आता जव्हारमध्ये बऱ्यापैकी चालते. त्यामुळे दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी येऊन विचारतंच, अमुक नवीन निघालंय, त्याच्यावर खानावळ टाकली का? नसेल टाकली तर मागे पडाल. विचारणारा बहुधा चांगल्या मनानेच विचारतो, तरी माझं डोकं फिरतं. मी त्याला उलट विचारते, फोटो कशाचा टाकू? तो म्हणतो, भाकरीचा टाका, रश्शाचा टाका, इथल्या निसर्गाचा टाका. निसर्ग हा शब्द आला की मी त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते.

या रागाला कारण आहे. मोबाइल नुकते हातोहाती दिसू लागले होते, पण इंटरनेट बघायचं तर सायबर कॅफेतच जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा खानावळ माझी नव्हती. डेपोच्या मागच्या रस्त्याला चाचांचा पाच खोल्यांचा लॉज होता, तिथे मी स्वयंपाक करायचे. चाचांच्या वडिलांचं त्याच जागी कापडाचं दुकान होतं. ते बसलं, तेव्हा चाचांनी वर खोल्या काढल्या. मी मूळची सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. आई तिथेच राहून भात आणि नागली पिकवायची. धाकटा भाऊ जव्हारला कॉलेज शिकला आणि माझ्याबरोबर लॉजवरच लागला. फोन घेणं, खोल्या दाखवणं, पाहुण्यांना शिरपामाळसारख्या बघायच्या ठिकाणांची वाट सांगणं ही त्याची कामं.

शिकल्यापासून त्याने आमच्या बोलण्याची दुरुस्ती चालवली होती. लॉजच्या फळ्यावर मी 'नागलीची भाकर' लिहायला सांगितलं की तो 'नाचणीची भाकरी' लिहायचा. लहानपणी मला 'बाय' म्हणायचा, आता 'ताई' म्हणू लागला. याचं मूळ मला माहीत होतं. पाड्याच्या शाळेत असताना त्याने निबंधात लिहिलं होतं, आमच्या गावात एक झिरा आहे. गुरुजींनी वेलांटीवर लाल काट मारली, झिऱ्याचा झरा केला आणि ते पान वर्गाला वाचून दाखवलं. पोरं फिदीफिदी हसली. खरं तर त्यातल्या प्रत्येकाची आई त्याच झिऱ्यावर पाणी भरायची, पण गुरुजी हसले म्हणून पोरंही हसली. भाऊ रडत घरी आला आणि त्या दिवसापासून तो शब्द त्याच्या तोंडून गेला. त्या गुरुजींचा मला अजून संताप येतो. ते मैदानी मुलखातले. माहीत नव्हतं तर विचारायचं होतं.

कारण झरा वेगळा आणि झिरा वेगळा. झरा आपला आपण वाहतो. झिरा वाहत नाही, तो झिरपतो. होळीनंतर आमचा ओहोळ कोरडा पडला की बाया त्याच्या पोटात, कातळाच्या कडेला खड्डा खणतात. तळाशी पाणी हळूहळू जमतं. बाईने काठावर बसायचं आणि वाटी-वाटीने हंडा भरायचा. त्यात पाय घालायचा नाही, चपला लांब काढायच्या, भरून झालं की वर काट्याची फांदी ओढायची, म्हणजे गुरं तोंड घालत नाहीत. आणि रांग हंड्यांची. रिकामा हंडा रांगेत ठेवला म्हणजे बाई स्वतः उभी असल्यासारखीच. ती घरी जाऊन भाकऱ्या थापून येते, तिच्या हंड्याला कोणी हात लावत नाही. भांडणाऱ्या जावासुद्धा एकमेकींच्या हंड्याला हात लावत नाहीत.

तर एका हिवाळ्यात ठाण्याचा एक पाहुणा लॉजवर उतरला. त्यानेच चाचांना त्या नव्या साइटची माहिती दिली. तिथे आपलं पान काढायचं, ओळखी करायच्या, फोटो टाकायचे, की घरबसल्या गिऱ्हाईक. आज फार थोडे धंदेवाले तिथे आहेत, जो आधी जाईल त्याची चांदी. आणि पैसा एकही लागत नाही. चाचा पिढीजात व्यापारी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे घेत नाहीत, तर ती माणसं खातात काय?" पाहुणा हसला.

मग आठ-पंधरा दिवस आमच्याकडे तोच विषय. शेजारचा शिंपी यायचा, बेकरीवाला यायचा, सगळे चाचांच्या बाकड्यावर बसून, धंद्याने तिकडे जावं की नाही, याचा काथ्याकूट करायचे. शिंपी म्हणायचा, माझं माप काय कॉम्प्युटर घेणार आहे? बेकरीवाल्याचं म्हणणं, जाऊन तर बघू, फुकट ते पौष्टिक. चाचांचं मन होईना. ज्याला मी ओळखत नाही तो माझा दोस्त कसा, असं ते विचारायचे. भाऊ मात्र पेटला होता. उन्हाळ्यात आपण इथे माशा मारतो, तेवढ्या तरी खोल्या भरतील, असं तो म्हणायचा. मी म्हटलं, उन्हाळ्यात आपल्यालाच टँकरचं पाणी. पावसाळ्यात येतात त्यांना नीट जेवू घालू, उन्हात माणसं बोलवायची कशाला? त्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, ताई चुलीपुढे बसून जग बघते. बाकड्यावरचे हसले. मी आत निघून गेले. त्या दिवशी रस्सा तिखटजाळ झाला आणि तो सगळ्यांनी निमूट खाल्ला.

शेवटी चाचांनी हो म्हटलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा, रिकाम्या खोल्या त्यांच्याही डोळ्यांत खुपत होत्या. भावाने स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मागून आणला आणि तो सूर्यमाळला गेला. ओहोळ नुकताच आटत होता, बायांनी झिरा नवा उकरला होता आणि तो काठोकाठ भरलेला. वर आभाळ निळं, पाण्यात आभाळ निळं. फोटो देखणा आला, हे मला कबूल करावं लागेल. सायबर कॅफेत त्याने मला तो कौतुकाने दाखवला. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. मी अक्षरं जुळवून वाचलं, 'सूर्यमाळचा झरा', आणि पुढे लॉजचं नाव आणि फोन नंबर.

मी म्हटलं, अरे, हा झिरा आहे. तो इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "ताई, तो शब्द पुस्तकात नाही. लोक हसतील." मी वाद घातला, पण त्याने ऐकलं नाही.

मे महिन्यात फोन सुरू झाले. तो झरा कुठे आहे, गाडी किती जवळ जाते, डुंबता येतं का? भाऊ आनंदाने वाट सांगायचा. पाचही खोल्या भरल्या, उन्हाळ्यात पहिल्यांदाच. चाचांनी जादा टँकर मागवला. शिंपीसुद्धा विचारायला आला, माझं पान काढून देशील का? भावाची कॉलर ताठ झाली. आणि मी? मी पाट्यावर वाटत होते, थापत होते, वाढत होते. कोणी विचारलं नाही की तो झरा नक्की कसा आहे. ज्यांनी तो रोज हंड्याहंड्याने उपसला त्यांना तर अशी साइट असते हेच ठाऊक नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी सकाळचं काम उरकून आईला भेटायला निघाले. त्याच सकाळी लॉजवर उतरलेली पाच-सहा तरुण मुलंमुली गाडीने फिरायला जाणार होती. चांगली गोड बोलणारी. त्यांना मीच भाकरी आणि चटणी कागदात बांधून दिली होती. मी खोडाळ्यापर्यंत एसटीने गेले, पुढे एका जीपने आणि शेवटी पायी. घरी आई नव्हती. म्हणून मी ओहोळाकडे उतरले.

काट्याची फांदी लांब फेकलेली होती. झिऱ्यात दोघं उभे होते, गुडघाभर पाण्यात, चपलांसकट. एकजण काठावर बसून डोक्याला शॅम्पू लावत होता. पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं आणि मी सकाळी बांधून दिलेल्या भाकरीचा कागद त्यात तरंगत होता. रांगेतले हंडे उचलून कातळावर एकावर एक रचले होते आणि एक मुलगी त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेत होती. पाड्यावरच्या बाया पलीकडे सावलीत बसून बघत होत्या. त्यात माझी आई होती. तिचा नंबर पहिला होता, पण आता कोणता हंडा पहिला, हे कोणाला सांगता येणार?

मी आईला म्हटलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलली. उठून त्यांच्याजवळ गेली होती आणि सांगितलं होतं, "बाय, यो झिरा हाय." त्यावर ती मुलगी हसून म्हणाली होती, हो मावशी, झराच तर बघायला आलोय, किती छान आहे. आईला वाटलं, यांना सांगून झालं, तरी उतरतात, म्हणजे मोठ्यांची माणसं असतील. ती परत येऊन सावलीत बसली.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी जी बोंब मारली ती टेकडीवरच्या पाड्यापर्यंत गेली असेल. बाहेर व्हा म्हटलं, हे प्यायचं पाणी आहे. ती घाबरून बाहेर आली. मुलं वाईट नव्हती. त्यांची तोंडं उतरली आणि एकजण चाचरत म्हणाला, "ताई, तुमच्याच लॉजने टाकलंय ना? झरा म्हणून?" आपल्याच लॉजने त्या पाण्यात मिठाचा खडा टाकला होता. ती मुलं निघून गेली आणि त्या दिवशी आई नि बाकीच्या बाया खालच्या दरीतल्या विहिरीवर गेल्या, त्या अंधार पडायच्या वेळी वर आल्या.

मी तशीच जव्हारला परतले. भाऊ काउंटरला होता. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडत गेला. तो धावत कॅफेत गेला, फोटो काढून टाकून आला आणि दारातच उभा राहिला. मी विचारलं, काढलास? तो म्हणाला, माझ्या पानावरून काढला, पण लोकांनी उचलून आपापल्या पानांवर लावलाय, तिथून कसा काढू? चाचा हे ऐकत होते. ते उठले आणि उरलेल्या मे महिन्यासाठी दारावर 'खोल्या रिकाम्या नाहीत' असा पुठ्ठा लावला आणि उतरलेले पाहुणे गेल्यावर पाचही खोल्या रिकाम्याच ठेवल्या. मला एवढंच म्हणाले, "बेटी, माझ्या दुकानातला माल असता तर दाखवला असता. पाणी माझं नव्हतं."

धंद्याने नव्या साइटवर जावं की नाही, या प्रश्नावर मला याहून शहाणं उत्तर पुढे कोणी दिलं नाही. खुशाल जावं. आपली भाकरी दाखवा, आपली खोली दाखवा. पण आम्ही केलं ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी आपल्या पाटीवर लावलं, आणि लावताना त्याचं नावही धड लिहिलं नाही. ती साइट पुढे बंद पडली म्हणतात. माझ्या मनात तिच्यासाठी कणव नाही.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी मी भावाला घेऊन सूर्यमाळला गेले. घाण झालेला झिरा सगळा उपसून टाकायचा असतो आणि मग तो पुन्हा भरायची वाट बघायची असते. भावाने एकट्याने उपसला, मला हात लावू दिला नाही. नवं पाणी इतकं सावकाश येत होतं की बघवत नव्हतं. बाया पुन्हा सावलीत बसल्या होत्या. त्याच्यावर कोणी ओरडलं नाही, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त लागलं.

त्याने लॉजवरून चुना आणि कुंचला आणला होता. वाटेवरच्या मोठ्या कातळावर तो लिहू लागला. पहिलं अक्षर काढलं आणि त्याचा हात थांबला. मग त्याने वेलांटी काढली, मोठी, अक्षराच्या डोक्यावरून ओढलेली. झिरा. खाली लिहिलं, प्यायचं पाणी, पाय घालू नये.

आई उठून जवळ आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने कातळाकडे बघत विचारलं, काय लिवलंस रं?

"झिरा," तो म्हणाला. किती वर्षांनी तो शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला.

आईने मान हलवली. तिला ते बरोबर वाटलं. काल त्या मुलाने लॉजचं नाव घेतलेलं तिने ऐकलं होतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "मंग पयलं काय लिवलेलास?"

तो कुंचला हातात धरून उभा राहिला. चुना त्याच्या पायावर गळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही सांगेन म्हणून. मी आईचा हंडा उचलला आणि रांगेत तिच्या पहिल्या नंबरावर नेऊन ठेवला.