रसोईतून म्हटलेली मंगलाष्टकं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं, तेव्हा मी आत्याशी खोटं बोललो. दुर्गाघाटावरच्या आमच्या मराठी घरांत मंगलाष्टकं तीच रचायची आणि तीच म्हणायची. पण त्याच वर्षी ती विधवा झाली होती. मांडवात तिला पाहून कुणी नाक मुरडेल, अशी मला धास्ती वाटली.

"मुलीकडचे नको म्हणतात. रसोईतून म्हणशील? माइकची तार पोचते," मी म्हणालो.

"पोचते ना? मग झालं. तसाही माझा गळा तोंडापेक्षा बरा," ती हसली.

मी अंतरपाटाआड उभा होतो आणि लाउडस्पीकरवर तिचा आवाज येत होता. या घरात कुणी एकटं न राहो, सुखात सगळे एका पंगतीत बसोत, असं तिनं माझ्यासाठी रचलं होतं. अक्षता टाकायलाही तिला कुणी बाहेर बोलावलं नाही.

धाकट्या भावाच्या लग्नात मी मांडवात तिच्यासाठी खुर्ची ठेवली. ती न विचारताच रसोईकडे वळली. मी मागोमाग गेलो आणि तिचे पाय धरले.

"आत्या, मुलीकडचे काही म्हणाले नव्हते. तुला आत मीच बसवलं. माझं चुकलं."