दादाचा दोर

"आगगाडी ओढेल माझा दोर," असं दादा छातीठोकपणे सांगायचा. खाडीच्या पुलावरून गाडी गेली की मी चिडवायचो, "जा, बांध आता!" पण खरं सांगतो, ठाण्यापासून कळव्यापर्यंत होड्यांना माझ्या या थोरल्या भावाचाच दोर असायचा. सगळा पावसाळा तो ओसरीवर बसून मांडीवर सणाचे तंतू वळायचा. मांडी सोलून निघायची, तरी गडी थांबायचा नाही.

एका वर्षी आम्ही दोघे मिठाच्या गलबतावर खलाशी म्हणून गेलेलो. मलबारात मीठ उतरवलं आणि नारळ भरायला तिथून एका लांबच्या बेटावर पोचलो. चारी बाजूंना नुसता समुद्र, मध्ये मूठभर माड. पोचलो आणि वारा पडला. बेटावरचे लोक माणसापेक्षा लांब, भाल्यासारख्या तोंडाचा मासा गळाने धरायचे. ते ऐकून दादाला वेडच लागलं. घरून आणलेलं दोराचं वेटोळं काढून त्यातला निम्मा दोर त्याने गळाला लावला. गलबताच्या तांडेलाला म्हणाला, "हा दोर तुटला तर पुन्हा सणाला हात लावणार नाही." तांडेल हसला. दादा मात्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी बेटावरची लहान होडी मागून आम्ही दोघेच निघालो. दुपारी मासा लागला. काय ताकद, बाप रे! दादाचे तळहात फाटले, तेव्हा दोर होडीच्या पुढच्या खुंट्याला गुंडाळला. दादा मागे वल्ह्यावर, मी पुढे दोरापाशी. मासा आम्हाला होडीसकट ओढत होता, बाहेरच्या काळ्याभोर पाण्यातून बेटाच्या दिशेने. "बघितलास माझा दोर?" दादा मागून ओरडत होता.

तेवढ्यात मी खाली पाहिलं. तळ! वाळू, खडक, खडकावरचे रंगीत मासे, सगळं हाताच्या अंतरावर. आमच्या खाडीचं पाणी गढूळ, त्यात तळ दिसला म्हणजे होडी रुतलीच समजायची. इथे तर चिखल नव्हता, खडक होता. आता होडी फुटते, मेलो आपण, एवढंच मला कळलं. कोयता उचलला आणि दोर कापला.

होडी कशावरही आपटली नाही. जवळचा लांब बांबू मी खाली घातला, अख्खा घातला, तळाला लागला नाही. दहा-बारा वाव, म्हणजे साठ-सत्तर फूट पाणी असेल. पाणी इतकं नितळ असतं हे मला गाढवाला काय ठाऊक!

"काय झालं रे?" माझ्या पाठीआड दादाला काही दिसलं नव्हतं.

"तुटला."

"टोक दाखव."

खुंट्यावरचा तुकडा मी पाण्यात सोडूनही दिला होता. "गेलं," म्हणालो. शरम वाटली, दुसरं काही नाही. गलबतावर गेल्यावर सांगू म्हटलं. मग ठाण्याला पोचल्यावर सांगू म्हटलं.

दादाने पुन्हा दोर वळला नाही. लोक मागायला यायचे. तो म्हणायचा, "बाजारातून घ्या. माझ्या दोराचा भरवसा नाही, भावाने डोळ्यांनी पाहिलंय." हे माझ्यादेखत, आणि मी जाळ्याची भोकं मोजत बसायचो. पावसाळ्यात त्याचा हात आपोआप मांडीवर घासायचा, रिकामाच. ते बघून जीव तुटायचा माझा, पण तोंड उघडलं नाही. किती वर्षं! एक वाक्य होतं ते, मेलं.

दादा गेला त्या दिवशी तिरडी बांधायला सुतळी कमी पडली. वहिनीने माळ्यावरून ते उरलेलं वेटोळं काढून दिलं. "जपून आवळा, भावजी," ती म्हणाली, "तो तुटतो."

मी पाय रोवला आणि सगळा जोर लावून गाठ आवळली. बांबू कुरकुरला. दोराला काही झालं नाही.

वहिनी दोराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिलाही मी काही सांगितलं नाही.