जुन्या तणसाची मूठ

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, बदामीच्या कानाला खाच कसली?" मी म्हटलं, "पहिल्यापासूनच आहे." ते खोटं होतं. जन्मभर वर्गात खरं बोलायला शिकवलं आणि स्वतःच्या नातीशी एवढ्याशा कानावरून खोटं बोलले. म्हणून आज सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसले आहे. शिवाय तिथे तुम्ही दोन नवे गिनी पिग आणणार आहात म्हणे. मग ही हकीकत तुमच्या उपयोगाचीही आहे.

तुम्ही आई-बाबांबरोबर तिकडे राहायला निघालात त्या दिवशी काळा आणि बदामी हे आपले दोन गिनी पिग माझ्या स्वाधीन करताना तुम्ही एकच वचन घेतलंत, की दोघांना वेगळं करायचं नाही. मी 'हो' म्हटलं. दोन मूठभर जिवांचं ते काय, असं मला वाटलं होतं.

आपलं भद्रावतीचं घर तुम्हाला आठवत असेलच. माजरीच्या खाणींकडून वारा आला की कोळशाची धूळ येते. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने अक्षरं काढता येतात. या धुळीशी मी सून म्हणून आले तेव्हापासून भांडते आहे, आणि अजून हरलेली नाही. पिंजऱ्यालाही तोच नियम लावला. दर रविवारी दहा वाजता पिंजरा गच्चीवर न्यायचा, खाली अंथरलेलं सगळं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, फेकायचं, फिनेलने तळ घासायचा, उन्हात वाळवायचा आणि नवं तणस पसरायचं. दोघांना शाम्पू लावून कोमट पाण्याने आंघोळ. तुमचे आजोबा बाल्कनीतून म्हणायचे, "शाळेतून निवृत्त झाली, पण हजेरी घेणं काही सुटलं नाही. बिचाऱ्यांची नखं पण तपासून घे."

पहिला महिना बरा गेला. मग काळा बदामीच्या मागे लागला. कंबर हलवत, घुर्र घुर्र करत त्याच्याभोवती फिरायचा, मागून अंगावर चढायचा, दात कटकट वाजवायचा. बदामी उलटून दात वाजवायचा. मी वर्गात केलं असतं तेच केलं. दांडगाई करणाऱ्याला मागे ठेवलं आणि मार खाणाऱ्याला आधी वाढलं. कोथिंबीर, म्हणजे आपल्याकडचा सांबार, आधी बदामीला, मग काळ्याला. भांडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मी एक वही केली आणि वार, वेळ, कोणी सुरुवात केली, सगळं लिहायला लागले.

एप्रिलमधल्या एका रविवारी, आंघोळ आणि सफाई झाल्यावर तासाभरात, काळ्याने बदामीच्या कानाचा लचका तोडला. त्याला पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलं, तर टॉवेलवर रक्त उमटलं. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे रांगेत एक बैल आणि चार शेळ्या आमच्या पुढे होत्या. डॉक्टरांनी कानाला औषध लावलं आणि सांगितलं, "दोन नर आहेत. जमलं तर ठीक, नाहीतर दोन घरं करा." तुमच्या बाबाने फोनवर आणखी सोपा उपाय काढला. नागपूरच्या त्याच्या मित्राला एक देऊन टाकायचा. "पुन्हा रक्त निघालं तर मी त्याला घ्यायला पाठवतो, आई. मुलांना काही सांगू नकोस." मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

कानाची जखम भरेपर्यंत पिंजऱ्याच्या मधोमध जाळी लावली. पुढच्या रविवारी मी सवयीने जाळीच्या दोन्ही बाजूंचं तणस पोत्यात भरत होते. तेवढ्यात आपल्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी पदराला हात पुसत गच्चीवर आल्या. त्यांचं माहेर सावली गावाकडचं. लहानपण शेळ्यांमागे गेलेलं.

"बाई, तुमी सारंच काऊन फेकून राह्यल्या?"

"घाण झालंय हो. वास येतो."

"वास तं यालेच पायजे. त्याच्यावरूनच तं त्याईले समजते का हे घर कोनाचं हाय, अन् मोठा कोन हाय. तुमी दर आठ दिवसानं पाटी पुसून टाकता, मंग ते पयल्यापासून भांडतेत. आमच्याकडं बाजारातून नवी बकरी आनली का कळपातल्या जुन्या तणसावर लोळवत होतो. धुऊन आनली तं साऱ्याईनं मिळून तिले शिंगं मारली असती."

"मावशी, हे बकऱ्या नाहीत."

"नाई तं नाई. पन नाक तं हाय न त्याईले!"

मी खाली आले आणि वही उघडली. मोठी भांडणं सगळी रविवारी सफाईनंतरची किंवा सोमवारची. गुरुवारी-शुक्रवारी दोघे शेजारी शेजारी बसून गवत खात होते. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. आजोबांना दाखवलं. ते इतकंच म्हणाले, "म्हणजे कोळशाची धूळ आणि तू, दोघांत निदान धूळ तरी निर्दोष निघाली."

त्या दिवसापासून आंघोळ बंद. सफाई एका वेळी अर्ध्याच पिंजऱ्याची, आणि नव्या तणसात जुन्याची एक मूठ मिसळायची. वाट्या दोन, दोन टोकांना. पाण्याच्या बाटल्या दोन. लपायला मडकी ठेवली होती, त्यांना एकच तोंड होतं. आत कोंडलेला बदामी पळणार कुठून? आजोबांनी पाठीमागून दुसरं भोक पाडून दिलं. एक मडकं त्यात फुटलं, पण गारवा घ्यायला त्याचा चांगला तुकडा मिळाला. आपल्या इथल्या मे महिन्यात ओली खापरी त्यांना कूलरपेक्षा आवडते.

कानाची जखम सुकली तेव्हा दोघांना पुन्हा भेटवायचं ठरलं. पिंजऱ्यात नाही. हॉलमध्ये जुनी चादर अंथरली, मधोमध गवताचा मोठा ढीग. मी जाड टॉवेल घेऊन बसले, मावशी पोळपाट सोडून शेजारी टेकल्या. काळ्याने लगेच कंबर हलवायला सुरुवात केली. घुर्र. बदामीने हनुवटी वर केली. दोघांचे दात वाजायला लागले. नागपूरचा मित्र मला डोळ्यासमोर दिसायला लागला. माझा हात पुढे गेला.

"हात नका घालू बाई," मावशींनी माझं मनगट धरलं. "रक्त निघालं काय? नाई न? मंग राहू द्या. तुमी मधात गेल्या तं त्याईचं आज ठरन का?"

इतकी वर्षं शाळेत मी भांडणाऱ्या पोरांच्या मधे उभी राहिले. हात मांडीवर ठेवून बसणं त्याहून फार कठीण होतं. काळा बदामीच्या अंगावर चढला. बदामी किंचाळला, ढिगाला वळसा घालून पळाला, थांबला. पुन्हा समोरासमोर. मग बदामीने हनुवटी खाली केली, तोंड वळवलं आणि गवताची काडी ओढून खायला लागला. काळा त्याच्याभोवती एकदा ऐटीत फिरला आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसून तोही खायला लागला.

"झालं," मावशी उठत म्हणाल्या. "आता पोळ्या करू का तुमचीबी पंगत इथीच मांडू?"

आता वाढताना आधी काळा, मग बदामी. माझ्या न्यायाला हे पटत नाही, पण त्यांना पटतं. काळा अजून अधूनमधून घुरघुरतो, बदामी बाजूला होतो, आणि मी पेपर वाचत राहते. कंबर हलवली, दात वाजवले, पाठलाग केला, तर करू द्या. रक्त दिसलं तरच वेगळं करा. आणि तिथे तुमची आई पिंजरा रोज धुवायला लागली तर तिला हे पत्र वाचून दाखवा.

नागपूरला कोणी गेलं नाही. कानाची खाच भरून आली नाही, ती तशीच राहील. पिंजरा एकच आहे आणि दोघे त्यात आहेत.