अमारोनेत मला मनुका लागला

मंडळी, आज मी सरांसमोर सरळ नाही म्हणाले.

क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात मी वेटर आहे. गिऱ्हाइकांना वाइन समजावून सांगायला आमच्यातल्या एकाला निवडणार होते. त्यासाठी मुंबईहून आलेल्या सरांनी दोन इटालियन रेड वाइन चाखायला दिल्या. व्हॅल्पोलिचेल्ला आणि अमारोने, दोन्ही एकाच भागातल्या.

पहिली हलकी, आंबट, जराशी तुरट. मी म्हणाले, "जांभळासारखी लागते."

दुसरी दाट, कडक, शेवटी कडवट. "हिच्यात मनुका हाय, सर. द्राक्षं सुकवून केली असंल. माहेरी आम्ही द्राक्षं सुकवतो, हा वास मला लगेच कळतो."

सर हसले. "जांभूळ, मनुका असलं सांगायचं नाही. चेरी म्हणा, वाइनच्या पुस्तकात तसंच असतं."

"सर, चेरी मी कधी खाल्लीच नाय. मग तिची चव गिऱ्हाइकाला कशी सांगू?"

सरांनी बाटलीमागचा मजकूर वाचला. द्राक्षं सुकवलेलीच निघाली. तरी निवड झाली ती पाठ करून चेरी म्हणणाऱ्या सहकाऱ्याची.

लई वाईट वाटलं. पण उद्या कुणी मला विचारलं, तर मी जांभूळच सांगणार. माझ्या जिभेला लागलेल्या चवीचं नाव दुसऱ्यानं का ठरवावं? तुम्ही असता तर चेरी म्हणाला असता का?