बाबासोंचा माज

चप्पल आधी आली, माणूस मागून. गेटपासूनच कर्र-कर्र ऐकू यायला लागलं आणि आमची रिसेप्शनिस्ट सुजाता म्हणाली, "आलं बघा संस्थान."

संस्थान म्हणजे बाबासो. इचलकरंजीच्या एका पॉवरलूम शेडमधले जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करून चालू ठेवणारा माणूस. शेडमध्येच पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर ते आखडलं, म्हणून बायकोला घेऊन ते कोल्हापुरात माझ्याकडे फिजिओथेरपीला येत. पण मनगटाकडे बघतंय कोण? सगळ्यांचं लक्ष त्यांच्या चालीकडे. छाती पुढे, हात अंगापासून लांब, पाय फाकलेले आणि प्रत्येक पाऊल उचलून जमिनीवर आपटायचं. बाकड्यावरचे पेशंट स्वतःची दुखणी विसरून बघत बसत.

आमच्या गावात अशा चालीला शब्दांची ददात नाही. पोराची ऐट, नव्या सुनेचा तोरा, फौजदाराचा रुबाब, बैलाचा डौल. आणि माज कायम दुसऱ्याचा. आम्हा फिजिओंकडे मात्र या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, गेट. दरवाजा नव्हे, माणसाची चालण्याची पद्धत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मनगट लिहिलं होतं, त्यामुळे बाबासोंच्या गेटमध्ये मी पडले नव्हते.

त्या दिवशी सकाळीच त्यांच्या मालकांचा फोन येऊन गेला होता.

"मॅडम, गडी कामाला कवा येतोय तेवढं सांगा. का दुसरा बघू?"

"मनगट सुधारतंय. पण ते पडले कसे?"

"मस्ती, दुसरं काय. चालू मागांच्या मधनं पैलवानागत चालतोय. हे काय पहिल्यांदा न्हाय. कोण म्हणतंय पिऊन येतोय."

"पितात का?"

"वास काय कवा आला न्हाय. पण माज लई हाय."

आमच्याकडे चप्पल दाराबाहेर काढायची पद्धत आहे. बाबासो ती काढत नसत. सुजातानं सांगून बघितलं होतं, पाटी दाखवून झाली होती. त्या दिवशी माझंच डोकं तापलं आणि मी दारात आडवी उभी राहिले.

"चप्पल बाहेर काढा."

"ऱ्हाऊ द्या की मॅडम. सवय न्हाय."

"देवळात पण घालूनच जाता?"

"देवळात जातोय कोण?"

त्यांची बायको, मालन, मागून हळूच म्हणाली, "काढा की ओ." बाबासोंनी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. मग चौकटीला धरून त्यांनी चप्पल काढली आणि आत पाऊल टाकलं.

तिथेच संस्थान खालसा झालं. मान खाली, नजर स्वतःच्या पावलांवर, एकेक पाऊल चाचपत टाकत होते. सुजातानं "बाबासो, कार्ड आणलंय का?" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि जागच्या जागी कोसळले. खाली व्यायामाची मॅट होती म्हणून वाचले. फरशी कोरडी होती, पाय कशात अडकला नव्हता. उभा माणूस नुसतं वर बघितलं म्हणून पडला.

त्यांना कॉटवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पायाचा अंगठा हातात धरला.

"अंगठा वर वळवलाय की खाली?"

"वर."

खाली होता.

"आता?"

"खाली. त्यात काय इचारायचं?"

वर होता. असं बराच वेळ चाललं. कळत नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. बरीचशी उत्तरं चूक, आणि सगळी ठणकावून.

आपला पाय कुठे आहे, हे आपल्याला न बघता कळतं. अंधारात आपण त्या जाणिवेच्याच जिवावर चालतो. बाबासोंची ती जाणीव गेली होती. पाय फाकलेले आणि हात लांब, ते तोल सावरायला. पाऊल आपटायचं, कारण हळू टेकलेलं त्यांना कळतच नव्हतं. नजर पावलांवरून हटली की तोल गेलाच.

"आणि ही चप्पल?" मी विचारलं.

उत्तर मालननं दिलं. "सांगून करून घेतलीया. जास्त वाजणारी. वाजली की पाय टेकला, म्हणून कळतंय त्यास्नी."

मी स्टुलावर बसले. हा माणूस कानानं चालत होता. आणि कामाला कुठे, तर पॉवरलूमच्या शेडमध्ये, जिथे शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. त्या खडखडाटात चप्पल मुकी आणि नजर तुटलेल्या धाग्यावर. दोन्हीकडे फिरते पट्टे. मनगटावर निभावलं, हेच नवल होतं.

"कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माज करणारा जॉबर मालक ठेवून घेतोय. कामाचा हाय म्हणतोय. पाय गेल्याला कोण ठेवतंय? म्हणून म्हटलं, माज तर माज. तुमी बी तसंच म्हणा की मॅडम."

"मी नाही म्हणणार," मी चिडूनच म्हणाले. "पट्ट्यात गेलात तर मालक काय ठेवून घेणार?" मालन रडायला लागली, तेव्हा कुठे ते मोठ्या डॉक्टरांकडे जायला तयार झाले.

मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना मीच फोन लावला आणि बाबासोंना तिकडे पाठवून दिलं. रिपोर्ट आला. बी ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व तळाला गेलं होतं आणि त्यामुळे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दुखावला होता. बाबासोंना हा धक्का पायांपेक्षा मोठा होता. "माझ्यात कमी? बुधवार, रविवार मटण खाणारा माणूस हाय मी." डॉक्टरांनी समजावलं की खाण्यात काही कमी नाही, पण पोटातून ते रक्तात उतरतच नाही. म्हणून इंजेक्शनं. आणखी उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते.

बाबासोंना विचारून मी मालकांना फोन केला. चालू मागांच्या मधून यांना फिरवू नका, असं सांगितलं आणि कारणही सांगितलं.

"म्हंजे माज न्हवता?"

"नव्हता."

"आयला. सगळ्यांम्होरं झाडला की वो मी त्येला."

मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं बाबासोंना शेडबाहेर दुरुस्तीच्या टेबलावर बसवलं. हात शाबूत होते, डोकंही. पुढे काही महिन्यांत पायांत बरीचशी जाण परत आली. तळव्यांचा थोडा बधिरपणा राहिला, तो राहणार. चाल मात्र चारचौघांसारखी झाली. शेवटच्या भेटीला ते आले, तेव्हा बाकड्यावरच्या एकानंही वर बघितलं नाही.

"गल्लीत म्हणत्यात, बाबासोचा माज उतरला," ते म्हणाले.

मला संताप आला. "मग तुम्ही सांगत का नाही?"

"म्हणू द्या की. चढला कशानं, ते तरी कुणी इचारलं?"

तेव्हापासून क्लिनिकला एक नियम करून टाकलाय. कुणी छाती काढून, पाय आपटत आलं, की आधी पायातलं काढायला लावते आणि डोळे मिटून उभं करते. बहुतेकांना नुसताच माज असतो. पण तपासून म्हटलेलं बरं.