हिरव्या काचपट्ट्या

त्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात हिरवं असं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तेही माझ्याच करणीनं.

लिंबागणेशच्या बाजूला एका गावात बायकांची शेळीपालन सहकारी संस्था होती. ऊसतोडीला जाणारी जोडपी शेळ्या संस्थेच्या गोठ्यावर ठेवून जायची. त्या साली कडबा पुरेना, म्हणून निम्म्या शेळ्यांना पोत्यांतलं जुनं खाद्य सुरू केलं. मग एक शेळी आवाजही न करता मेली. मागोमाग दुसरी. संस्थेच्या अध्यक्षीणबाई गुरांच्या डॉक्टरनं काढून दिलेलं शेळ्यांचं रक्त घेऊन बीडला, मी शिकवतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आल्या.

"सर, खाद्यानं होतंय का रोग फिरलाय, येवढं सांगा. रोग असंल तर जित्या हायेत तवर समद्या इकून टाकू. पर लोकाच्या शेळ्या हायेत, उगं कशा इकाव्या?"

"अक्का, बिनघोर राहा," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो की घरचेसुद्धा सावध होतात.

पेशीवर संकट आलं की आत निरोप पोचवणारं एक प्रथिन जागं होतं. खाद्यवाल्या शेळ्यांतच ते जागं दिसलं तर खाद्य दोषी, सगळ्यांत दिसलं तर रोग. पाहायची रीत अशी: पहिली अँटिबॉडी, म्हणजे एखाद्या जनावराच्या अंगात तयार करून घेतलेला चिकटणारा रेणू, त्या प्रथिनाला धरते, आणि चमकणारी दुसरी त्या पहिलीला. पहिली निवडताना मी पोरगी बघायला गेलेल्या मामासारखा चौकस झालो. फक्त जागं झालेलंच प्रथिन ओळखते ना? ओळखते. शेळीच्या पेशींत चालते ना? चालते. नवी मागवायला वेळ लागणार, म्हणून औरंगाबादच्या मित्राची उरलेली बाटली आणली. शेतात बैलांची सावड, तशी आमची बाटल्यांची. मामानं सगळं विचारलं. देवक तेवढं विचारायचं राहिलं.

रिवाज असा की एका काचपट्टीवर पहिली घालायचीच नाही, नुसती दुसरी घालायची. ती काचपट्टी अंधारी राहिली तरच बाकीच्यांवर भरवसा. पण धुवायला पाणी टँकरचं, तेही गाळून उकळून. मी ती काचपट्टी केलीच नाही. पाणी वाचवल्याचा अभिमानही वाटला.

सगळ्या काचपट्ट्या हिरव्यागार पेटल्या. कडबा खाणाऱ्या, खाद्य खाणाऱ्या, सगळ्या. मी फोन लावला.

"अक्का, रोगच आहे."

"बरं," म्हणाल्या.

दोन दिवसांनी उरलेल्या पेशींवर पुन्हा प्रयोग करताना एका काचपट्टीवर मी पहिली अँटिबॉडी घालायचीच विसरलो. तीही तशीच पेटली. माझी एक चूक दुसरीनं पकडली; तिसरा साक्षीदार लागला नाही. बाटली उचलून वाचली. पहिली अँटिबॉडी शेळीच्याच अंगात तयार केलेली. म्हणजे तिला शोधणारी दुसरी शेळीची अँटिबॉडी दिसेल तिथं चिकटणार, आणि रक्त तर शेळीचंच, त्यात तिच्या स्वतःच्या अँटिबॉडी भरलेल्या. बीडच्या स्टँडवर उभं राहून "डोक्याला रुमाल बांधलेला माणूस धरा" म्हणण्यातलाच प्रकार.

लगेच फोन लावला आणि शेळ्या विकू नका म्हणालो.

"गाडी कालच गेली, सर. केजच्या बाजाराला."

"सगळ्या?"

"धडधाकट तेवढ्या. खंगल्याल्यांना व्यापाऱ्यानं हात लावला न्हाई."

मग सशात तयार केलेली बाटली रीतसर मागवली. या वेळी कडब्याच्या शेळ्यांच्या काचपट्ट्या काळ्या राहिल्या. खाद्याच्या तेवढ्या पेटल्या, आणि त्या काळ्यांशेजारी तो हिरवा रंग मला बघवेना. रोग नव्हताच. ठणठणीत होत्या त्या विकल्या गेल्या. गोठ्यात राहिल्या त्या पोखरलेल्या.

हे फोनवर सांगायची हिंमत नव्हती. गावी गेलो, गोठ्याच्या दारात उभं राहून सांगितलं. आतून एकही शेळी ओरडली नाही. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कारखान्याचा पट्टा पडला म्हणं," त्या म्हणाल्या. "ऊसच न्हाई, औंदा हंगाम लवकर सरला. उद्या टोळ्या परत येत्यात. बाया घरी जायच्या आदी शेळीकडं येत्यात." पदरानं तोंड पुसून त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "तुमी मुक्कामच करा, सर. कुणाची शेळी कशापायी गेली, ते तुमीच सांगा."