हिरव्या पाकिटाचा प्रताप

यूच्याओताई, तुम्ही ते सोडून दिलंत. माझ्या मनातून मात्र जात नाही, म्हणून लिहिते.

ताइनानच्या आपल्या मच्छीमार संघाच्या कचेरीत वू यूच्याओचं, म्हणजे तुमचंच, टायपिंग सगळ्यांत वेगवान. एका सोमवारी जेवून येते तो कीबोर्डवर अक्षरंच उमटेनात. कळ दाबून धरली तरच एखादं उमटायचं. आपले चुआंगसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, बोटांतला जोर गेला. उद्यापासून चहाचं टेबल सांभाळा."

यूच्याओचं डोकंच फिरलं. तिने शेजारच्या टेबलावरचा कीबोर्ड आणून जोडला. तोही अडला. मग तिने सहकारी मेइलिंगला तिच्या खात्यातून त्याच यंत्रावर शिरायला लावलं आणि स्वतः टाइप केलं. अक्षरं झरझर उमटली.

"बघा साहेब! बोटं माझीच. बिघाड फक्त माझ्या खात्यात आहे!"

खात्याची सेटिंग उघडली, तर कळ दाबून धरल्याशिवाय अक्षर न उमटण्याची सोय कुणीतरी चालू केलेली.

साहेबांनी घुटमळत कबूल केलं. खाऊचं हिरवं पाकीट जवळ असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं अशी इकडची समजूत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच ते तिच्या स्क्रीनखाली कोंबलं होतं. ते शिफ्टच्या कळीवर रुतून बसलं, आणि ती कळ बराच वेळ दाबलेली राहिली की यंत्र हीच सोय चालू करू का म्हणून विचारतं. "टुंग वाजलं, यंत्राने काहीतरी विचारलं. मी 'हो' दाबलं."

"न वाचताच? आणि म्हातारी मी होय!"

टेबल तिचं तिलाच राहिलं. पण माफी? नाव नको! साहेबांनी सगळ्यांदेखत शब्द मागे घ्यावेत, असं सांगायला आपण दोघी संघाच्या अध्यक्षांकडे जाणार होतो, ताई. तुम्ही सोडून दिलंत, आणि ते जाणं झालंच नाही.